बाईंचा दोन खणांचा तक्ता

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं पत्र आलं आणि मन थेट जिन्याने वर, बायफोकलच्या (अकरावी-बारावीच्या व्यावसायिक विषयाच्या) कॉम्प्युटर लॅबमध्ये गेलं. दाराबाहेर चपलांची रांग, आत टर्बो सी प्लस प्लस या प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरचे निळे पडदे आणि फळ्यापाशी बाई. त्यांचं नाव लिहायची गरज नाही. शाळेने 50 वर्षांत दिलेल्या गोष्टी पुष्कळ असतील, त्यावर इतर लिहितीलच. इथे फक्त बाईंविषयी आणि त्यांनी शिकवलेल्या एका धड्याविषयी: वारशाने आलेली मेथड ओव्हरराइड करणं, म्हणजे एका क्लासकडून (वस्तूच्या साच्याकडून) दुसऱ्याला मिळालेलं फंक्शन त्याने आपल्या पद्धतीने पुन्हा लिहिणं.

धडा सुरू झाला तो एका मुलाच्या प्रोग्रॅमवरून. बेस क्लास, म्हणजे मूळ साचा, ‘विद्यार्थी’. त्यात ‘निकाल’ नावाचं फंक्शन, 35 किंवा जास्त गुण असतील तर पास. त्यावरून काढलेला (डिराइव्हड) क्लास ‘खेळाडू’, ज्याचं स्वतःचं ‘निकाल’ वाढीव गुण धरून ठरवायचं. बेस क्लासच्या पॉइंटरचा (ऑब्जेक्टचा, म्हणजे साच्यातून घडलेल्या वस्तूचा, पत्ता ठेवणाऱ्या चलाचा) पाच जणांचा ॲरे, म्हणजे यादी, त्यावर लूप. त्यातल्या खेळाडूला 33 गुण आणि 5 वाढीव, तरी पडद्यावर नापास. कंपाइलरची, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमची, एकही तक्रार नाही.

पहिलं कारण सगळ्यांना सापडलं. बेसमधल्या फंक्शनला ‘व्हर्च्युअल’ लावलेलं नव्हतं. तो शब्द नसेल तर कुणाचं फंक्शन चालवायचं हे कंपाइलर पॉइंटरच्या प्रकारावरून आधीच ठरवून टाकतो. असेल तर प्रोग्रॅम चालताना प्रत्यक्ष ऑब्जेक्ट बघून ठरतं. शब्द घातला, पुन्हा चालवलं. खेळाडू पुन्हा नापास.

बाईंनी कीबोर्डला हात लावला नाही. फळ्यावर दोन खणांचा तक्ता काढला. डावीकडे ‘विद्यार्थी’ची व्हर्च्युअल फंक्शनं, उजवीकडे ‘खेळाडू’ची. नवा क्लास जन्माला येतो तेव्हा उजवा खण आधी डाव्याची नक्कल असतो. मग एकेक ओळ घ्यायची: नाव तेच, पॅरामीटर (फंक्शनला दिली जाणारी मूल्यं) तितकेच, त्यांचे प्रकार आणि क्रम तोच, असेल तर ‘कॉन्स्ट’सुद्धा (ऑब्जेक्ट बदलणार नाही, ही खूण) तसाच, तरच त्या ओळीत नव्या फंक्शनचा पत्ता लिहायचा. मुलाने बेसमध्ये गुण ‘इंट’ (पूर्णांक) घेतले होते आणि खेळाडूत टक्केवारीच्या विचाराने ‘फ्लोट’ (दशांश). म्हणजे जुनी ओळ तशीच राहिली आणि खाली, तक्त्याबाहेर, त्याच नावाचं एक वेगळंच फंक्शन उभं राहिलं. बेसच्या पॉइंटरला ते दिसतच नाही. परतीचा (उत्तराचा) प्रकार चुकला असता तर कंपाइलर ओरडला असता. पॅरामीटर चुकला की तो गप्प बसतो, कारण त्याच्या लेखी ती चूकच नाही. ‘फ्लोट’चं ‘इंट’ केलं आणि खेळाडू पास झाला.

हा तक्ता खरोखर मेमरीत असतो, हे पटावं म्हणून बाई ‘साइझऑफ’, म्हणजे ऑब्जेक्ट किती बाइटचा ते, काढायला लावायच्या. एकच ‘इंट’ असलेला ऑब्जेक्ट त्या 16-बिट कंपाइलरवर, स्मॉल मॉडेलमध्ये (पत्ते 2 बाइटचे), 2 बाइटचा. एक व्हर्च्युअल फंक्शन घातलं की 4, कारण तक्त्याचा पत्ता आत येऊन बसतो. आजच्या 64-बिट मशीनवर तोच प्रयोग करा: एकट्या ‘इंट’च्या 4 चे 16 होतात, 4 ‘इंट’चे, 8 पत्त्याचे आणि उरलेले 4 जागा जुळवण्याचे.

त्यांच्या तीन सूचना जर्नलच्या पहिल्या पानावर लाल चौकटीत असत. व्हर्च्युअल फंक्शन असलेल्या बेसचा डिस्ट्रक्टरही (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारं फंक्शन) व्हर्च्युअल ठेवा, नाहीतर बेसच्या पॉइंटरवरून डिलीट करताना खेळाडूचा भाग नीट आवरला जाईल याची शाश्वती नाही. ॲरे पॉइंटरचा ठेवा, ऑब्जेक्टचा नको. ऑब्जेक्टच्या ॲरेत टाकताना डिराइव्हड क्लासचा जादा भाग कापला जातो आणि उरतो तो साधा विद्यार्थी. आणि कन्स्ट्रक्टरमधून (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या फंक्शनमधून) व्हर्च्युअल फंक्शन बोलावू नका. सी प्लस प्लसमध्ये तिथे बेसचंच चालतं. जावा या दुसऱ्या भाषेची गंमत उलटी आहे: तिथे डिराइव्हडचं चालतं, पण त्याचे फील्ड (आतली माहिती) तोवर भरलेले नसतात, म्हणून हाती शून्य किंवा ‘नल’ (काहीच नाही) येतं.

जावात काम करणाऱ्या नव्या मुलांचा कोड तपासताना तो तक्ता आजही उपयोगी पडतो. तिथे प्रत्येक क्लासला ‘ऑब्जेक्ट’ या सगळ्यांच्या मूळ क्लासकडून काही मेथड न मागता मिळतात. ‘टूस्ट्रिंग’ छापली तर क्लासचं नाव, ॲटचं चिन्ह आणि हॅशकोडचा, म्हणजे ऑब्जेक्टवरून काढलेल्या संख्येचा, हेक्स आकडा. ‘इक्वल्स’ फक्त एवढंच बघतं की दोन्ही संदर्भ एकाच ऑब्जेक्टचे आहेत का. रोल नंबर सारखा म्हणजे विद्यार्थी तोच, असं हवं असेल तर ते आपण लिहायचं. आणि इथे नेमकी तीच चूक होते: पॅरामीटर ‘ऑब्जेक्ट’ऐवजी ‘विद्यार्थी’ लिहिला जातो. थेट बोलावलं तर बरोबर उत्तर येतं, पण लिस्टचं ‘कंटेन्स’ (आत आहे का, हे बघणारी मेथड) जुनंच ‘इक्वल्स’ बोलावतं आणि समोर असलेला विद्यार्थी सापडत नाही. 2004 च्या जावा 5 मध्ये ‘ॲट ओव्हरराइड’ आलं, 2011 च्या सी प्लस प्लसमध्ये ‘ओव्हरराइड’ हा शब्द आला. तो लिहा, मग जुळणी नसेल तर कंपाइलरला बोलावंच लागतं. बाई हेच काम लाल पेनाने करत होत्या.

‘इक्वल्स’ बदललं की ‘हॅशकोड’ही बदलायचा, आणि त्याच फील्डवरून. हॅशकोडवरून नोंदी ठेवणाऱ्या हॅशमॅपमध्ये सुरुवातीला 16 खण असतात, 12 नोंदींच्या पुढे गेलं की दुप्पट होतात. समान मानलेल्या दोन ऑब्जेक्टचे हॅशकोड वेगळे निघाले तर शोध बहुधा भलत्याच खणात जातो आणि ‘इक्वल्स’ची पाळीच येत नाही. हॅशवर चालणाऱ्या सेटमध्ये टाकल्यावर रोल नंबर बदलला तरी हेच घडतं: वस्तू आत असते, पण मिळत नाही. खेळाडूच्या ‘इक्वल्स’मध्ये खेळाचं नाव वाढवलं तर आणखी पेच. विद्यार्थी म्हणतो आपण सारखे, खेळाडू म्हणतो नाही. समानता दोन्ही बाजूंनी सारखीच लागली पाहिजे.

2014 पासून जावाच्या इंटरफेसमध्येही (क्लासने कोणत्या मेथड द्यायच्या याचा करार) डिफॉल्ट, म्हणजे आयत्या, मेथड लिहिता येतात. क्लासची मेथड त्यांच्यावर मात करते. असंबंधित दोन इंटरफेसकडून एकच मेथड आली, तर क्लासला स्वतःची लिहावीच लागते. त्यातून हव्या त्या इंटरफेसचं नाव घेऊन ‘सुपर’ने त्याची बोलावता येते. ‘इक्वल्स’, ‘हॅशकोड’, ‘टूस्ट्रिंग’ मात्र इंटरफेसमध्ये डिफॉल्ट म्हणून देता येत नाहीत, कंपाइलर नाकारतो.

वाईट एका गोष्टीचं वाटतं. आता एडिटरमध्ये दोन कळा दाबल्या की ‘इक्वल्स’ तयार होतं, आणि 2021 च्या जावा 16 पासून ‘रेकॉर्ड’ (फक्त माहिती ठेवणारा क्लास) लिहिला की तिन्ही मेथड आपोआप येतात. सोय चांगलीच आहे. पण रेकॉर्डमध्ये ॲरेचा फील्ड असला तर आतले आकडे सारखे असूनही दोन रेकॉर्ड वेगळे ठरतात, आणि मुलं तासभर डेटाबेसमध्ये चूक शोधत बसतात. आयत्या मेथडने नेमकं काय केलं, हे कागदावर लिहून बघायची सवयच लागलेली नाही. बाई ती सक्तीने लावत. ट्रायल रन, म्हणजे प्रोग्रॅम कागदावर ओळीओळीने चालवून बघणं, जर्नलमध्ये नसेल तर मशीनला हात लावू देत नसत.

नव्या लॅबमध्ये प्रोजेक्टर आहे, वातानुकूलन आहे, फळा नाही. महोत्सवी निधीतून तिथे एक काळा फळा बसवावा, ही व्यवस्थापनाला विनंती. चार फूट बाय तीन फूट पुरेल. तेवढ्यात दोन खण आणि आठ-दहा ओळी आरामात बसतात.