तेरड्यावरचा आळ

भाद्रपदात माळशेज नाहीतर ताम्हिणी घाटात गाड्या थांबतात त्या धबधब्यासाठी, फार तर भाजलेल्या कणसासाठी. उतारावरच्या ओल्या मातीत गुलाबी तेरडा माजलेला असतो, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. कास पठारावर जांभळी चादर पसरते तीही तेरड्याचीच, फक्त जात वेगळी. ते पठार २०१२ साली जागतिक वारशात गेलं, आणि तिथल्या तेरड्याला तिकीट काढून भेटावं लागतं. माझा लोभ मात्र या फुकटच्या तेरड्यावर.

गौरी आल्या की बाजारात त्याच्या जुड्या येतात, मुळासकट उपटलेल्या. कितीतरी घरांत मुखवटा नसतो, तेरड्याची जुडी हीच गौर. आज आणायची, उद्या पुजायची, परवा बोळवायची. आणि वर आपणच म्हणायचं, तेरड्याचा रंग तीन दिवस! मुळासकट उपटल्यावर चौथा दिवस कुणाला दिसणार?

डोंगरावर तो पहिल्या पावसात रुजतो आणि पानांच्या बेचक्यांतून एकामागून एक फुलं काढत पावसाळा संपेपर्यंत नांदतो. एकेक फूल लवकर गळतं, हे कबूल. पण तेवढ्यात ते दोन भूमिका उरकतं. आधी परागकोशांची एकसंध टोपी स्त्रीकेसरावर घट्ट बसलेली असते. मागच्या बारीक, वाकड्या शेपटीतला मध प्यायला आलेल्या पाहुण्याच्या अंगाला पराग लागतात. मग टोपी गळते, आतला स्त्रीकेसर उघडा पडतो आणि कालपर्यंत पराग वाटणारं फूल आता घेणाऱ्याच्या रांगेत उभं राहतं.

रंगाचं म्हणाल तर कोरियातल्या मुलींना विचारा. त्या तेरड्याची फुलं-पानं तुरटी घालून कुटतात आणि लगदा नखांवर बांधून ठेवतात. मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य तेरड्यातही असतं. उन्हाळ्यात रंगवलेल्या नखांवर पहिला बर्फ पडेपर्यंत रंग टिकला, तर पहिलं प्रेम मिळतं म्हणे. म्हणजे महिनोन्‌महिने!

मला स्वतःला फुलाहून बोंड जास्त आवडतं. फुगलेलं, लवदार, हिरवं. पिकल्यावर बोटाने नुसतं शिवायचं. त्याची पाचही शकलं झटक्यात आत वळतात आणि बिया टपटप उडून काही फुटांवर जाऊन पडतात. गाडी थांबवलीच असेल तर करून बघा. पोरंबाळं बरोबर असायची काही गरज नाही, आणि एका बोंडावर कुणाचंही भागत नाही.