मालक बदललेल्या फाइली

कार्यालयातील सामायिक संगणकाबद्दल माझ्याकडे आलेली तक्रार वरवर पाहता किरकोळ होती. एका वापरकर्त्याच्या खात्यातून तयार केलेली फाइल दुसऱ्याच्या खात्यातून उघडत होती, वाचताही येत होती. पण तीत बदल करून ती जतन करायला गेले की संगणक परवानगी नाकारत होता. लिनक्सवर चालणाऱ्या त्या एकाच संगणकावर चौघेजण आपापल्या खात्यातून काम करत आणि त्यांचे बरेचसे काम एका सामायिक फोल्डरमध्ये चाले. उबंटू या लिनक्स प्रणालीची नवी आवृत्ती नव्या डिस्कवर बसवल्यापासून हा त्रास सुरू झाला, असे कार्यालयप्रमुखांनी सांगितले आणि बोलता बोलता आणखी दोन गोष्टी सांगितल्या. हिशेब पाहणाऱ्या बाईंना मध्यंतरी त्यांचीच वेतनाची फाइल उघडत नव्हती, आणि रोज रात्री दूरच्या सर्व्हरवर जाणारी बॅकअपची प्रत बरेच दिवस पोहोचलीच नव्हती. मला ही शेवटची गोष्ट सर्वांत गंभीर वाटली.

टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करण्याची खिडकी, उघडून मी ‘एलएस’ या कमांडने सामायिक फोल्डरची सविस्तर यादी काढली, तेव्हा प्रत्येक जुन्या फाइलसमोर सर्वांना सर्व परवानग्या दिसल्या. युनिक्सच्या पद्धतीत वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १ अशी बेरीज होते आणि ती मालक, गट व इतर सर्व यांच्यासाठी वेगवेगळी लिहिली जाते. त्यामुळे ७७७ याचा अर्थ असा की संगणकावरील कोणत्याही खात्याने त्या फाइलचे काहीही करावे. मदतीला आलेल्या कोणीतरी प्रमुखांच्या संपूर्ण होम फोल्डरवर, म्हणजे त्यांच्या खात्याच्या स्वतःच्या फोल्डरवर, आतल्या सगळ्या उपफोल्डरांसह, हा आकडा लावला होता. त्यामागचे कारण समजण्यासारखे होते. सामायिक फोल्डर प्रमुखांच्या होममध्येच होता, आणि उबंटूने २१.०४ या आवृत्तीपासून नवे होम फोल्डर ७५५ ऐवजी ७५० परवानगीने, म्हणजे इतरांना पूर्ण बंद असे, तयार करायला सुरुवात केली आहे. फोल्डरच्या बाबतीत ‘चालवणे’ म्हणजे त्यातून पुढे जाता येणे. त्यामुळे वाटेतल्या एका फोल्डरने इतरांना अडवले, की आतल्या फाइलवर कितीही उदार परवानगी असली तरी तिचा उपयोग होत नाही. अडथळा एका जागी होता आणि उपाय हजारो फाइलींवर केला गेला.

त्या उपायानेच बॅकअप बंद पाडला होता. बॅकअप एसएसएच या दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या प्रोग्राममार्फत जात असे, आणि होममधली खासगी की, म्हणजे ओळख पटवणारी गुप्त किल्लीची फाइल, मालकाव्यतिरिक्त इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच ती वापरण्यास नकार देते. हा नकार योग्यच आहे, कारण सर्वांना वाचता येणारी की गुप्त राहिलेली नसते. तो रोज नोंदवलाही जात होता, पण ती नोंद कोणी उघडून पाहत नव्हते. संगणक सांभाळणाऱ्याने अशा नोंदी वाचल्याच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. दुसरीकडे मूळ तक्रार मात्र तशीच राहिली होती, कारण नव्या फाइलची परवानगी फोल्डरच्या आकड्यावरून ठरत नाही, तर ती तयार करणाऱ्या प्रोग्रामची मागणी आणि खात्याचा उमास्क (नव्या फाइलमधून कोणत्या परवानग्या वगळायच्या हे सांगणारा आकडा) यांवरून ठरते. येथे उमास्क ०२२ होता, म्हणून प्रत्येक नवी फाइल ६४४ होऊन जन्माला येत होती, म्हणजे मालकाला लिहिता येई आणि इतरांना फक्त वाचता येई.

एवढ्यावर काम संपले असते, पण यादीतील मालकांच्या नावांनी मला थांबवले. वेतनाच्या फाइली अलीकडेच रुजू झालेल्या एका तरुण सहकाऱ्याच्या नावावर होत्या. मी विचारताच तो घाबरून म्हणाला, “सर, मी त्या कधी उघडल्याही नाहीत, त्या माझ्या नावावर कशा आल्या?” त्याचे म्हणणे पूर्णपणे खरे होते. डिस्कवर फाइलच्या मालकाचे नाव लिहिलेले नसते, तेथे फक्त एक क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाचे नाव संगणक खात्यांच्या यादीतून शोधून दाखवतो. नवी आवृत्ती बसवल्यावर खाती नव्याने तयार केली गेली, आणि ती जुन्या क्रमाने केली गेली नाहीत. पूर्वी १००२ हा क्रमांक हिशेबाच्या बाईंचा होता, आता तो या तरुणाला मिळाला होता. जुन्या डिस्कवरचा मजकूर मालकीसह जसाच्या तसा उतरवला गेला, आणि एका रात्रीत फाइलींचे मालक बदलले. बाईंना स्वतःची फाइल उघडेना, कारण ती ६०० परवानगीची, म्हणजे फक्त मालकासाठी होती. आणि ७७७ लावल्यावर ती उघडली खरी, पण त्याच क्षणापासून प्रत्येकाचे वेतन प्रत्येकाला वाचता येऊ लागले. हे बाईंना समजावून सांगताना मला फार वाईट वाटले. ज्या बाईंनी वर्षानुवर्षे ती माहिती जपली, त्यांना न विचारता ती उघडी पडली होती.

परवानग्या बदलणारी कमांड आधीची स्थिती कोठेही राखून ठेवत नाही, त्यामुळे ७७७ मागे घेण्याचा थेट मार्ग नसतो. सुदैवाने जुनी डिस्क अजून कपाटात होती. ती मी केवळ वाचण्यापुरती जोडली, तिच्यावरील खात्यांच्या यादीतून जुना क्रमांक कोणाचा होता ते टिपून घेतले आणि ‘गेटएफएसीएल’ या परवानग्या वाचून दाखवणाऱ्या कमांडने प्रत्येक फाइलचा मालक, गट व परवानगी क्रमांकांसह एका मजकूर फाइलमध्ये उतरवली. त्या मजकुरात जुन्या क्रमांकांच्या जागी योग्य नावे घातली आणि ‘सेटएफएसीएल’ या परवानग्या लावणाऱ्या कमांडच्या पुनर्स्थापनेच्या सोयीने सारे नव्या डिस्कवर लागू केले. हा फेरा आवश्यक होता. दोन खात्यांचे क्रमांक आपसांत बदललेले असताना आधी एकाच्या सर्व फाइली दुसऱ्याच्या नावे केल्या, तर त्या दुसऱ्याच्या मूळ फाइलींत मिसळून जातात आणि मग त्या वेगळ्या काढणे अशक्य होते.

त्यानंतर सामायिक फोल्डर प्रमुखांच्या होममधून बाहेर काढला, चौघांचा एक गट केला आणि त्या फोल्डरला २७७० ही परवानगी दिली. त्यातील सुरुवातीच्या जादा २ मुळे (हा लिहिण्याचा २ नव्हे) आत तयार होणारी प्रत्येक फाइल त्याच गटाची होते. शिवाय पूर्वनिर्धारित एसीएल, म्हणजे नव्या फाइलींना आपोआप लागणारी परवानग्यांची यादी, लावल्यामुळे त्या फोल्डरमध्ये उमास्क आड येत नाही. स्वतःच्या फोल्डरमधून हलवून आणलेली फाइल मात्र जुना गट आणि जुनी परवानगी बरोबर घेऊन येते, म्हणून नवे काम सामायिक फोल्डरमध्येच सुरू करावे असे मी चौघांना सांगितले. फाइल पुसण्याचा अधिकार फाइलवर नव्हे तर फोल्डरवर अवलंबून असतो, हे ऐकून त्यांना आश्चर्य वाटले. अंतिम प्रतींच्या उपफोल्डरला मी स्टिकी बिट लावला, त्यामुळे तेथे दुसऱ्याची फाइल पुसता येत नाही. रोजच्या कामाच्या जागी तो लावला नाही, कारण काही प्रोग्राम जतन करताना जुन्या फाइलच्या जागी नवीच फाइल ठेवतात आणि स्टिकी बिट त्यांना अडवतो.

गटाची नवी सदस्यता पुन्हा लॉगिन केल्यावरच लागू होते, म्हणून सर्वांना एकदा बाहेर पडायला लावून प्रत्येकाच्या खात्यातून तपासणी केली. वेतनाच्या फाइली बाईंच्या स्वतःच्या होममध्ये गेल्या. तरुण सहकाऱ्याने माझ्यासमोर त्या उघडून पाहिल्या आणि परवानगी नाकारल्याचा संदेश आला, तेव्हा बाईंपेक्षा त्यालाच अधिक हायसे वाटले. उघडी राहिलेली एसएसएच की रद्द करून नवी केली आणि बॅकअप हाताने चालवून त्यातील एक फाइल परत आणून पाहिली. शेवटी चारही खात्यांची नावे आणि क्रमांक एका कागदावर लिहून प्रमुखांकडे दिले, म्हणजे पुढच्या वेळी खाती तयार करताना क्रमांक संगणकावर न सोडता याच कागदावरून घालता येतील.