कात क्र. ७: पंधरा रांगांचा घोळ

मंडळी, मागच्या वेळी काकूंच्या गडग्यातली (दगडी कुंपणातली) सापाची कात विषारी 'मण्यार' म्हणून वहीत चढवली होती ना, ते नाव खोडलंय. कवड्या निघाला, म्हणजे बिनविषारी साप.

डोक्याकडचा तुकडा मिळालाच नव्हता. त्यामुळे डोळा आणि नाकपुडी यांच्यामधला खवला, जो मण्यारीला नसतो, तो बघायची सोय नाही. पट्टेही धड उमटलेले नाहीत. उरली मोजणी. पाठीवरच्या खवल्यांच्या रांगा तीनदा मोजल्या, तिन्ही वेळा १५. कवड्याच्या १७, मण्यारीच्या बहुधा १५. मी नाव लिहून मोकळा!

पण कण्यावरची रांग खटकत होती. मण्यारीची ती रांग रुंद, षटकोनी खवल्यांची. इथे ते शेजारच्यांएवढेच. 'कात ताणली गेली असेल' अशी आठवडाभर स्वतःची समजूत घातली. पोटाचे खवले मोजून उपयोग नाही. दोघांचेही दोनशेच्या आगेमागे, आणि माझ्याकडे अर्धीच कात.

रविवारी ट्यूब पेटली. मी मोजलं होतं शेपटीच्या जरा पुढे, आणि तिथे कवड्याच्याही रांगा १५वर येतात. रांगा शरीराच्या मध्यावर मोजायच्या, हे नवख्यांना सांगत फिरणारा मीच! फाटलेल्या टोकाकडे, म्हणजे मध्याजवळ मोजल्या, भरल्या १७.

खरा निकाल शेपटीने दिला. ती पिळून सुतळी झाली होती म्हणून इतके दिवस टाळली. कोमट पाण्यात भिजवून काळ्या कागदावर उलगडली तर खालचे खवले जोडीजोडीने! मण्यारीचे अखंड असतात. ६४ जोड्या, म्हणजे पट्टेरी कवड्याही बाद, त्याच्या पन्नाशीच्या आतच संपतात. हे सगळं घड्याळजीच्या लूपमधून (डोळ्याला लावायच्या भिंगातून). मोबाइलला लावायची ती भिंगाची क्लिप घेऊ नका, कडेचे खवले पुसट दिसतात.

काकूंना फोन केला. "मग आता गडग्यात हात घालू?" अहो नाही! कात एका सापाची, गडग्यात कोणकोण असेल काय सांगावं.

वहीतले 'विषारी-बिनविषारी' रकाने मात्र काढून टाकतोय. कवड्या आणि मण्यार दिसायला जुळे, पण कुळं वेगळी. रकाने आता कुळांचे. आणि साप-सरडे एकाच गणातले (गण म्हणजे अनेक कुळांचा मोठा गट), तर पाली आणि सापसुरळ्यांनाही पान हवं. कासव-मगरींचे गण वेगळे, त्यांना तूर्त सुट्टी.

पाली आपली कात खाऊन टाकतात, हे मात्र पान आखून झाल्यावर आठवलं.