टोबरमोरीत एक रात्र

सकाळी स्कॉटलंडमधल्या ओबानहून मल बेटावरच्या टोबरमोरी गावाकडे निघालो. मित्राची शिडाची बोट, आम्ही चौघं. डाव्या हाताला ड्युअर्टचा किल्ला मागे पडला आणि वारा थेट तोंडावर आला. मग काय, अख्खी मलची सामुद्रधुनी नागमोडी कापत जायची! दर दहा मिनिटांनी दोर सोडा, दोर ओढा. तळहात सोलवटलेत, टाइप करताना झोंबतंय.

टोबरमोरीच्या खाडीत बोया (बोट बांधायचा तरंगता गोळा) पकडायचं काम माझ्याकडे. पुढे टोकाला पालथा पडून आकडी लावायची. पहिल्यांदा हुकली. दुसऱ्यांदाही. शेजारच्या बोटीवरच्या आजीबाई चहाचा मग घेऊन शांतपणे बघत होत्या. तिसऱ्यांदा लागली तेव्हा त्यांनी मग उंचावला. आकडीसोबत हातभर शेवाळही आलं, ते आता माझ्या जाकिटावर आहे.

समोर धक्क्यावर ओळीनं लाल, पिवळी, निळी घरं. फोटोत पाहिलेली, तरी खरी वाटेनात. हे गाव 1788 मध्ये मासेमारीसाठी मुद्दाम आखून वसवलं. त्याच्याही दोनशे वर्षं आधी, 1588 मध्ये, स्पॅनिश आरमाराचं एक जहाज याच खाडीत स्फोट होऊन बुडालं. त्यावर सोनं होतं म्हणे! लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या शोधलं. आम्हाला शेवाळ मिळालं.

धक्क्यावरच्या गाडीवर गरमागरम तळलेला मासा खाल्ला. चांगला होता, पण मीठ-व्हिनेगर म्हणजे मसाला नव्हे, हे माझं मत कायम.

रात्रीचे साडेदहा वाजलेत, अजून उजेड आहे. डोलकाठीवर दोर टकटक वाजतोय. कुणीतरी उठून तो बांधायला हवा. मी नाही उठणार.