मोंबासात मी दादा झाले

"करिबू, दादा!" चर्चच्या स्वयंपाकघरातून हाक आली आणि मी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. तिथल्या स्वाहिली भाषेत करिबू म्हणजे या, दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ आणि मामा म्हणजे चक्क आई! बाबा तेवढे जागेवर राहिले.

नाशिकहून आम्ही आठ जण पंधरा दिवसांच्या सेवेला केनियात, मोंबासाला गेलो होतो. बॅगेत खडू, बायबलमधल्या गोष्टींची चित्रं, आणि मनात 'आपण शिकवायला चाललोय' ही ऐट. ती चपातीने उतरवली. मी भारतातली, म्हणून पीठ माझ्यापुढे आलं. मैद्याचं. मी घरच्यासारख्या पातळ पोळ्या लाटल्या. बायकांनी एक पोळी उजेडाकडे धरून पाहिली, एकमेकींकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "पोले, दादा." पोले म्हणजे 'अगं, वाईट वाटलं हो तुझ्यासाठी'. मग माझ्या हातातलं लाटणं गेलं. त्यांची चपाती आधी लाटायची, तेल लावून गुंडाळायची, चकलीसारखी वळून झाकून ठेवायची आणि पुन्हा लाटून सढळ तेलात भाजायची. ती पाहुण्यांसाठी, सणासाठी. एरवी उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि सुकुमा विकी नावाची पालेभाजी. नावाचा अर्थ 'आठवडा ढकला'. महिनाअखेरीच्या भाज्या आपल्याकडेही असतात, पण इतकं खरं नाव ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

एक निवृत्त शिक्षक आम्हाला जवळच्या फ्रिअरटाउनला घेऊन गेले. गुलामीतून सोडवलेल्यांसाठी १८७५ साली वसलेली ही वस्ती. नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं. तिथल्या घंटेचा मनोरा अजून उभा आहे. "तुम्ही कुठल्या?" त्यांनी विचारलं. मी "मुंबईजवळ..." अशी सुरुवात केली. नाशिक म्हणताच ते थांबले. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं नाशिकच्या शरणपूरला मिशनऱ्यांकडे शिकली, त्यातले काही १८६४ मध्येच जवळच्या रबाईला येऊन काम करू लागले, आणि पुढे फ्रिअरटाउनही त्यांच्यासारख्यांच्या हातांनी उभं राहिलं, हे त्यांना पाठ होतं. म्हणजे नाशिकहून इथे सेवेला येऊन गेलेले आमच्या दीडशे वर्षं आधीचे, आणि तेही आफ्रिकनच! मी शरणपूर रोडवरून रोज जाते. मला तिथला सिग्नल पाठ आहे.

"शरणपूरला आता काय आहे?" त्यांनी फार आशेने विचारलं.

गडबडून मी मराठीतच म्हणाले, "दुकानं."

"दुका," त्यांनी मान हलवली. हा शब्द त्यांच्याकडेही तोच.