दोन हिरव्यांचं भांडण

हॉलच्या भिंती रंगवायला शेवटी दोनच शेड उरल्या. दोन्ही मळकट हिरव्या. एक राखाडीकडे झुकणारी, दुसरीत पिवळसर छटा. शेड कार्डावर शेजारी ठेवल्या तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, एकच तर आहे!"

कार्डावर एकच, भिंतीवर अजिबात नाही. पेंटरदादांकडून छोटे डबे आणवले आणि प्रायमरवर दोन-दोन हात मारून मोठे चौकोन रंगवून घेतले. एक खिडकीसमोर, एक कोपऱ्यात. ओल्या रंगावर मत द्यायचं नाही, असं दादांनी बजावलं. इमल्शन वाळल्यावर बहुधा थोडं गडद होतं.

आमचा हॉल उत्तरेकडचा. थेट ऊन नाही, आभाळाचा निळसर उजेड येतो. त्यात राखाडी हिरवा थेट सिमेंटसारखा दिसायला लागला. पावसाळी दुपारी तर नकोच. पिवळसर हिरवा मात्र तग धरून होता. रात्री ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब लावली की तोही आजारी वाटायचा, म्हणून ३००० केल्विनचे, पिवळसर उजेडाचे बल्ब आणले. (नवऱ्याच्या मते हा रंगाचा नाही, विजेचा खर्च. असू दे.) शिसवी कपाटाच्या तांबूस लाकडाशेजारी हिरवा जास्तच हिरवा दिसतो, हेही तेव्हाच कळलं.

पिवळसर ठरला. मॅट फिनिश, कारण चकाकीत आमच्या पुट्टीचे सगळे उंचवटे दिसले असते. शेडचा कोड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, पुढे टच-अपला लागेल.