अल्बेर्तो बुर्री: बारदानाकडे आधी बारदान म्हणून बघा

इटालियन चित्रकार अल्बेर्तो बुर्रीचं नाव निघालं की ठरलेलं वाक्य येतं: डॉक्टर होता, युद्ध पाहिलं, म्हणून फाटकी पोती शिवत बसला. पोत्याचं भोक म्हणजे जखम, दोरा म्हणजे टाका. ऐकायला बरं वाटतं, पण हा अर्थ खुद्द बुर्रीलाच मान्य नव्हता. शिवाय त्यात अडचणीच्या गोष्टी झाकल्या जातात. १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडला गेल्यावर त्याला टेक्सासमधल्या हेरफर्डच्या छावणीत ठेवलं होतं. तिथे मुख्यतः दोस्तराष्ट्रांशी सहकार्य करायला नकार देणारे इटालियन कैदी असत. बुर्रीनेही नकारच दिला होता. तो रंगवायला लागला तो इथेच, पोत्याच्या कापडावर. १९४६ मध्ये परतल्यावर डॉक्टरकी सोडली ती कायमची.

युद्धोत्तर इटली बघायची तर पोत्यावरची छपाई बघावी. १९४९ च्या 'एसझेड१' मधलं कापड साखरेच्या पोत्याचं आहे आणि त्यावर अमेरिकी झेंड्याचा तुकडा दिसतो. मार्शल योजनेतून, म्हणजे युद्धानंतर अमेरिकेने युरोपला दिलेल्या मदतीतून, आलेलं हे बारदान. भुकेला देश, अन्न पाठवणारा जेता आणि रिकामं झालेलं पोतं, सगळं त्या छाप्यात आलं. वेगळ्या रूपकाची गरजच नाही. (त्या काळी जगातला बहुतेक ताग बंगालचा. १९४७ नंतर तागाची शेतं बरीचशी पूर्व पाकिस्तानात आणि गिरण्या कोलकात्याच्या आसपास, अशी त्याचीही फाळणी झाली होती.)

आता जवळून. पोती नुसती टांगलेली नाहीत. मागे ताणलेला कॅनव्हास असतो, त्यावर वेगवेगळ्या विणीचे तुकडे बसवलेले. एक घट्ट, एक इतका विरळ की आडवे धागे घसरून उभेच उरलेत. भोकातून खालचा काळा किंवा लाल रंग दिसतो, क्वचित सोन्याचा वर्ख. चिकटवायला पीव्हीए, म्हणजे आपल्या फेविकॉलच्या जातीचा डिंक.

हे हाताने करून पाहिलं की रचना किती तोललेली आहे ते कळतं. नवं पोतं घेऊ नका. तागाचं सूत काढताना तेल लावतात, त्या तेलकटपणावर डिंक धरत नाही. जुनं पोतं साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. भोक पाडायच्या आधी त्याच्या कडेबाहेर साधारण एक सेंटिमीटरवर धावदोऱ्याची एक ओळ घाला, नाहीतर साधी वीण उसवत जाते आणि दुसऱ्या दिवशी भोक हवं त्याच्या दुप्पट झालेलं असतं. दोन भाग फेविकॉल, एक भाग पाणी, आणि ते कॅनव्हासला लावा, पोत्याला नको. पोतं भिजलं तर वाळताना आक्रसतं आणि कोपरे उचलतात. डिंक दाट झाला तर विणीतून वर येऊन चकाकतो, पोत्याचा कोरडेपणा गेला. दाभणाने शिवताना टाका फार ओढला की भोवती चुण्या पडतात. बुर्रीच्या चित्रात जिथे चुणी आहे तिथे ती हवी म्हणून आहे.

टिकवायला मात्र हे चित्र वाईट. तागात लिग्निन (लाकडातही असतो तो घटक) भरपूर, त्यामुळे प्रकाशाने ताग पिवळा पडून ठिसूळ होतो. दमट हवेत धागा फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो, आणि ताठरलेला डिंक त्याला हलू देत नाही. म्हणून फाट पडते ती बहुधा चिकटवलेल्या भागाच्या कडेला. कापडासाठी संग्रहालयात ५० लक्सच्या आसपास, म्हणजे मंदच, प्रकाश ठेवतात. धूळ काढायची तर व्हॅक्यूमच्या तोंडाला जाळी बांधून, मंद ओढीवर. ब्रश फिरवला की सुटे तंतू गेलेच.

त्या काळच्या इटलीत डाव्यांनाही असली चित्रं नको होती. १९४८ मध्ये कम्युनिस्ट नेते तोल्यात्ती यांनी बोलोन्यातल्या आधुनिक चित्रांच्या प्रदर्शनाला 'राक्षसी वस्तूंचा संग्रह' म्हणून झोडपलं. पक्षाला गुत्तुझोसारखे वास्तववादी चित्रकार हवे होते, शेतकरी नि मजूर ओळखू येतील असे. उजव्यांच्या अभिरुचीतही पोत्याला जागा नव्हती. १९५९ मध्ये रोमच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, पाल्मा बुकारेल्ली संचालक असताना, बुर्रीचं 'ग्रांदे साक्को' ('मोठं पोतं') लागलं, तेव्हा कम्युनिस्ट सिनेटर तेर्राचिनी यांनी संसदेत प्रश्न टाकला: या जुन्या, मळक्या, फाटक्या बारदानाला सरकारने किती पैसे मोजले? एक लिराही नाही. चित्र विकत घेतलेलंच नव्हतं, बुर्रीने ते संग्रहालयाकडे ठेवायला दिलं होतं.